गोळी किती आत दाबायची

हमीदमामू माझे सख्खे मामा आणि सासरेही. मला कुवेतला आणलं त्यांनीच, आणि अहमदीतल्या पिस्तुल क्लबात चिकटवलं तेही त्यांनीच. अशा माणसाला प्रश्न विचारायचा म्हणजे आधी दहादा विचार करावा लागतो.

१९६१ साली ते पुढच्या स्टीमरने कायमचे रत्नागिरीला निघाले होते. जाण्याआधी आठ दिवसांत काडतुसं भरायचं काम माझ्या गळ्यात घालायचं होतं. वापरलेली पितळी पुंगळी, तिच्यात मोजून दारू, वर गोळी, मग हातप्रेसचा दांडा खाली. गोळी किती आत जायची? त्यासाठी मामूंच्या खिशात नमुन्याचं एक जुनं काडतूस असे. नवं त्याच्या शेजारी उभं करायचं, उंची जुळली की झालं.

नेमक्या त्याच आठवड्यात क्लबात नव्या गोळ्या आल्या, जुन्यांपेक्षा चांगल्या लांब.

"मामू, उंची तीच ठेवली तं गोलीचा जास्तीचा भाग जानार कुठं?"

"आत."

"पन आत दारू हाय. जागा कमी झाली तं जोर वाढंल ना?"

"नमुन्याला लाव नि दाब."

दुसऱ्या दिवशी दोन्ही गोळ्या त्यांच्यासमोर शेजारी ठेवून पुन्हा विचारलं. "चौदा वर्सं मी काय झक मारली?" म्हणाले. तिसऱ्या दिवशी म्हटलं, क्लब चालवणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या पुस्तकात बघून घेऊ.

"सायबासमोर सासऱ्याची अब्रू काढतोस?"

संपलं. आमच्यात सासऱ्याला एकदा विचारलं तर शिकणं, दोनदा विचारलं तर आगाऊपणा, आणि तिसऱ्यांदा म्हणजे थेट अपमान. प्रेस उचलून भिंतीवर आपटावा इतका संताप आला होता. पण मी मुकाट्याने पन्नास काडतुसं दाबली. अदब कसली, निव्वळ भित्रेपणा.

नव्याने भरलेल्यांतलं पहिलं काडतूस मामू नेहमी स्वतः उडवत. मी हात पुढे केला. "मी उडवतो."

"तू अजून शिकाऊ."

आवाज नेहमीचा नव्हता. पुंगळी फुटली, पिस्तुलाची मूठ तडकली आणि मामूंचा तळवा फाटला. मी फडकं गुंडाळेपर्यंत साहेब धावत आला.

"ही कुणी भरली?"

"मी," मी म्हणालो. खोटं नव्हतंच ते. मामू आता बोलतील म्हणून मी वाट पाहिली. ते हाताकडे बघत राहिले. साहेबाने मला उद्यापासून क्लबात पाऊल टाकू नकोस म्हणून सांगितलं.

घरी माझ्या बायकोने, सफियाने, बापाच्या हाताची पट्टी पाहिली आणि रडायलाच लागली.

"हारूनला अजून कलत नाय गं, किती आत दाबायची ती," मामू समजूतदारपणे म्हणाले.

सफियाने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "अवो, अब्बांना एकदा इचारायचं तरी!"

मी मामूंकडे पाहिलं. ते डाव्या हाताने चहा पीत होते.