पाव्हण्यांचा प्रश्न

विद्यापीठाची बहिःशाल व्याख्यानमाला दर हिवाळ्यात शिरूरच्या एका कॉलेजात येते. विषय ठरलेले असतात: धर्म, तत्त्वज्ञान आणि सध्याच्या समाजाचं काय करायचं. वक्ते पुण्याहून येतात, समाजाची काळजी करतात आणि जेवणाच्या वेळेला घरी पोचतात. पुढच्या रांगांत विद्यार्थी बसवलेले असतात. त्यांची हजेरी घेतात, म्हणून ते असतात.

आपल्या खुशीनं येणारा माणूस एकच, बाळासो. रांजणगावला एका कंपनीत स्टोअर सांभाळून निवृत्त झालेला. तो व्याख्यान ऐकायला जात नसे, प्रश्न विचारायला जात असे. व्याख्यान ही प्रश्नाआधी सोसायची गोष्ट. "कुणाला काही प्रश्न?" असं प्राचार्य म्हणाले की अख्खं सभागृह मान वळवून बाळासोकडे बघे. तो उठे, शर्ट खाली ओढे आणि उपनिषदांपासून निघून नगरपालिकेच्या पाण्यापर्यंत येई. प्रश्न वाटेत कुठं विचारून झाला, ते सहसा कळत नसे. वक्ते म्हणत, "फार मूलभूत मुद्दा मांडलात." हे वाक्य बाळासो जपून घरी आणी, बायकोला, रतनबाईला, सांगे, मग भांडगावला दिलेल्या लेकीला, शितलला, फोन लावून सांगे. वर्षभर त्याला ते पुरत असे.

यंदा आशा जरा मोठी होती. समारोपाच्या व्याख्यानाला अध्यक्ष म्हणून एखादा जाणकार श्रोता बसवायचा, असं कॉलेजनं ठरवलं होतं. शिरूरात जाणकार पुष्कळ निघतील. पण जाणकार आणि वर श्रोता? बाळासोनं कोट इस्त्रीला टाकला.

पहिल्याच दिवशी दुपारी त्याचे व्याही आले. शितलचे सासरे, जावई सत्यजीतचे वडील, ईश्वरराव. हायवेला लागून बागायत, फ्लॉवर आणि टोमॅटो, सोसायटीचं माजी चेअरमनपद. चौफुल्याला एस्टी बदलून, हातात पेरूची पिशवी घेऊन दारात उभे.

"लई ऐकलं तुमच्या व्याख्यानाचं," ते म्हणाले. "म्हटलं, यंदा ऱ्हाऊन बघावं."

बाळासोला कोण आनंद झाला. आपला प्रश्न व्याह्यांनी समोर बसून ऐकावा, यापरता मान नाही. त्यानं त्यांना दुसऱ्या रांगेत आपल्याशेजारी बसवलं.

विषय होता धर्म आणि विवेक. बाळासोचा प्रश्न झाला, मुद्दा मूलभूत ठरला. त्यानं तिरक्या नजरेनं व्याह्यांकडं पाहिलं, तर ते उभे.

"सर, हे सगळं तुमच्या घरी पटतं का?"

वक्त्यांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता ठेवला. मग म्हणाले, नाही पटत. गेल्याच महिन्यात आपण भावाच्या वास्तुशांतीला सोवळं नेसून बसलो, कारण आई रुसली असती. विवेकाचं तेव्हा काय झालं, हे ते पुढं बराच वेळ सांगत राहिले, आणि तेवढा वेळ सभागृहात कुणी जांभई दिली नाही.

दुसऱ्या दिवशी मृत्यूचं तत्त्वज्ञान होतं. बाळासोनं कठोपनिषदाला हात घातला. ईश्वरराव उठले आणि त्यांनी वक्त्यांना विचारलं, "तुम्हाला स्वतःला भ्या वाटतं का?" वक्ते म्हणाले, "रोज." मुलांनी मोबाइल खिशात घातले. हे त्या कॉलेजात कुठल्याच तत्त्वज्ञानाला जमलेलं नव्हतं.

सकाळी चहाच्या टपरीवर लोक बाळासोला विचारू लागले, पाव्हणे कुठंयत? आणलं नाही का? बाळासोला चहा कडू लागला. त्याला वाटलं पित्त आहे. पित्ताची गोळी घेतली, पण गोळीला व्याह्यांचं नाव माहीत नसावं.

आता व्याह्यांवर जळणं ही फार अडचणीची गोष्ट आहे. शेजाऱ्यावर जळता येतं, भावकीवर तर जळायचंच असतं. पण ज्यांच्या घरात आपली लेक नांदते त्यांना आधी गरम पाणी द्यावं लागतं, तव्यावरची पहिली भाकरी वाढावी लागते, आणि मग उरलेल्या वेळात जळावं लागतं. बाळासोनं आपला प्रश्न छोटा करून पाहिला. आरशासमोर उभं राहून त्यातली उपनिषदं काढली. मग प्रश्नात नगरपालिकाच उरली, म्हणून ती परत घातली.

तिसऱ्या दिवशी त्यानं रतनबाईला मासवड्या करायला सांगितल्या आणि व्याह्यांना असा आग्रह केला की माणूस संध्याकाळपर्यंत आडवाच व्हावा. यात एक चूक झाली. पाव्हणा खातोय तोवर यजमानानं ताटावरून उठायचं नसतं, आणि भांडगावकर खाण्यात कच्चे नव्हते. त्या संध्याकाळी समाजमाध्यमं आणि तरुण पिढीवर व्याख्यान सुरू झालं आणि बाळासो झोपला. तो जागा झाला तो टाळ्यांनी. टाळ्या ईश्वररावांच्या प्रश्नाला होत्या. प्रश्न काय होता, हे विचारायची त्याला लाज वाटली.

बाहेर चपला घालताना प्राचार्यांनी त्याला बाजूला घेतलं. उद्या समारोपाला पाव्हण्यांनीच अध्यक्ष व्हावं, अशी सगळ्यांची इच्छा आहे, म्हणाले. तुमच्याच घरी उतरलेत, तेवढा निरोप द्या.

"देतो की," बाळासो म्हणाला.

दिला नाही. घरी आल्यावर परसात जाऊन शितलला फोन लावला.

"मामांना बोलावून घे की गं घरी. फ्लॉवर तोडायला आला आसंल."

"फ्लॉवर गेला की मागंच. काय केलं त्यांनी, आप्पा?"

"कुठं काय. प्रश्न इचारला."

"मंग?"

"बारका होता."

शितल इतकी हसली की फोन कानापासून लांब धरावा लागला. बोलावणार मात्र नाही म्हणाली. मामा गेल्यापासून घरात कुणाला कुणी काही विचारलेलं नाही, फार बरं वाटतंय, म्हणाली.

समारोपाला बाळासो कोट घालून गेला. त्याचा हिशोब सरळ होता. पाव्हण्यांना काही माहीत नाही, ते ऐन वेळी संकोचतील, आणि मग कोट घातलेला माणूस प्राचार्यांच्या नजरेत भरेल.

प्राचार्यांनी माईकवर ईश्वररावांचं नाव घेतलं आणि वर म्हणाले, "निरोप कालच बाळासोंकडं दिला होता."

ईश्वररावांनी वळून बाळासोकडं पाहिलं. बाळासोनं पंख्याकडं पाहिलं. ईश्वरराव उठले, हात जोडले.

"मी ह्यांच्या घरी जेवतोय. ह्यांना खाली बसवून मी वर बसलो तर भाकरी गोड लागायची न्हाई. ह्यास्नीच बसवा."

टाळ्या झाल्या. बाळासोला शाल मिळाली, नारळ मिळाला, मधली खुर्ची मिळाली. त्या खुर्चीत बसल्यावर त्याच्या ध्यानात आलं की अध्यक्षाला प्रश्न विचारता येत नाहीत.

समारोपाच्या वक्त्या करुणा मॅडम 'सत्य आणि आजचा समाज' यावर बोलल्या. चांगलं बोलल्या असाव्यात. मग प्रश्नांची वेळ झाली, आणि कुणाला बोलवायचं ते अध्यक्षांनीच ठरवायचं होतं. सगळं सभागृह ईश्वररावांकडं बघत होतं. बाळासोनं नारळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि म्हणाला, "पाव्हणं, इचारा."

"प्रश्न मॅडमला न्हाई, अध्यक्षांना हाय," ईश्वरराव म्हणाले. "निरोप मला का दिला न्हाई?"

आजवर सभेत बाळासोला कुणी प्रश्न विचारला नव्हता. माईक हातात होता, वेळ होता, उपनिषदं पाठ होती.

"तुम्ही वर बसलेलं मला बघवलं नसतं," तो म्हणाला.

टाळी कुणीच वाजवली नाही. करुणा मॅडमनी कागदावर काहीतरी टिपून घेतलं. ईश्वरराव "बरं" म्हणाले आणि बसले.

घरी चालत जाताना बाळासोनं शाल त्यांच्यापुढं धरली. त्यांनी घेतली नाही. थोडं अंतर गेल्यावर आपणहून बोलू लागले.

"पाव्हणं, मी व्याख्यानं ऐकाया आलो न्हवतो. तुम्हाला पाडाया आलो होतो. तुमची लेक आमच्यात आल्यापासून जेवताना एकच. आमच्या आप्पांनी असं इचारलं, आमच्या आप्पांना सायेब तसं म्हणालं. मी चेअरमन होतो, पर माझ्याच ताटावर बसून माझं नाव कुणी काढत न्हाई."

बाळासो थांबला. खरं तर त्याला राग यायला हवा होता.

"रोज म्हणती?"

"रोज."

"आन् सकाळच्याला?"

"सकाळी मी मळ्यात आसतो," ईश्वरराव म्हणाले. "सत्यजीतला इचारून सांगतो."