फायलीत नसलेल्या उचक्या

मी एक जुनी निळी फाईल आहे, मित्रांनो. भोरच्या एसटी स्टँडजवळच्या दुकानात मी वह्यांच्या गठ्ठ्याखाली पडून होते. कुणा मुलीची शाळेची प्रमाणपत्रं जपायला मिळावीत, एवढीच माझी इच्छा. पण मला विकत घेतलं राजगडाच्या पायथ्याच्या पाली गावातल्या ठकुबाईंनी. त्यांच्या मुलीचा, राजनंदिनीचा, डावा डोळा तीन दिवसांत अंधारला होता.

राजनंदिनी चोवीस वर्षांची. राजगडावर येणाऱ्यांना ती ताक विकायची. भरलेली कळशी घेऊन गड चढतानाही तिला धाप लागत नसे.

पुण्याच्या एका दवाखान्यात तिच्या मेंदूचा एमआरआय झाला. डॉक्टरांनी त्यातले पांढरे ठिपके पाहिले आणि माझ्या पहिल्या कागदावर लिहिलं, 'एम.एस.' म्हणजे मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार. इंजेक्शनं सुरू झाली. पुढचे डॉक्टर तो पहिला कागद वाचत आणि मान डोलावत. "कागद किती छान लावलेत!" असं एक सिस्टर म्हणाल्या, तेव्हा मी सुखावले. आज त्याची लाज वाटते.

आठ महिन्यांनी, भातकापणीच्या दिवसांत, राजनंदिनी बांधावर मटकन बसली.

"आये, पाय हायती का न्हाईत, त्येच कळंना."

वडील हनुमंतराव तिला पाठीवर घेऊन रस्त्यापर्यंत आले. टेम्पोत मी तिच्या मांडीवर होते. माझं ओझंही तिला जाणवत नव्हतं.

या वेळी डॉक्टर शेफाली भेटल्या. त्यांनी मला चाळलं आणि मिटून बाजूला ठेवलं. मला तो अपमान वाटला. त्या ठकुबाईंजवळ खुर्ची ओढून बसल्या.

"मावशी, डोळा जायच्या आधी हिला काही झालं होतं? कितीही साधं असू दे."

"काय न्हाई, म्याडम. उचक्या लागल्या व्हत्या लई. धा-बारा दिस. पानी बी पोटात ठरत न्हवतं. आमी म्हनलं, पित्त आसंल."

"हे आधी सांगितलं नाहीत?"

"कुनी इच्यारलंच न्हाई की."

शेफालीमॅडमनी ते लिहून घेतलं. मग त्यांनी मणक्याचा एमआरआय आणि रक्ताची एक खास तपासणी करायला सांगितली. मणक्यात लांबलचक सूज निघाली. रक्तात अशी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडीज, सापडली, जी आपल्याच डोळ्यांच्या नसांवर आणि मणक्यावर उलटतात. न थांबणाऱ्या उचक्या ही या प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या आजाराची खूण होती. दिसायला एम.एस.सारखा, पण तो आजारच निराळा. एम.एस.ची ती इंजेक्शनं त्यात उलट नुकसान करू शकतात. राजनंदिनी आठ महिने तीच घेत होती.

औषध बदललं. पायांत थोडं बळ आलं. आता वॉकर धरून ती उंबऱ्यापर्यंत येते. "माझ्याच त्वांडाला काय झालं व्हतं?" असं म्हणत ठकुबाई अजून कपाळ बडवून घेतात.

गेल्या भेटीत राजनंदिनीनं विचारलं, "डोळा यील का परत?"

"नाही," शेफालीमॅडम म्हणाल्या. "पण दुसरा राखायचाय. औषध एकदाही चुकवू नकोस."

तिनं मला उचलून मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "न्हाई चुकवनार."

मित्रांनो, माझे कोपरे आता फाटलेत, बटणही तुटलंय. आम्हा फायलींना जपा, कागद तारखेप्रमाणे लावा. पण सगळी भिस्त आमच्यावर ठेवू नका. मी एक चुकीचा शब्द आठ महिने जपला, त्याला सुरकुतीही पडू दिली नाही. कागदाला तेवढंच येतं. दुखणं तुम्ही तोंडानं सांगा. आणि तुमच्यातलं कुणी डॉक्टर होणार असेल, तर आधी विचारा.