साहेबाचा एक शब्द

"वाचा मुन्शीजी. की चष्मा हवा?" श्रीधरपंत म्हणाले.

चावडीचे हे कारकून तिरकं बोलले नाहीत तर त्यांना जेवण जात नसे. मैनुद्दीनने चिठ्ठी उजेडाकडे धरली. त्या इंग्रजी चिठ्ठीत त्याला एक शब्द अडला होता, आणि तो सोडला तर चिठ्ठीत फारसं काही उरत नव्हतं.

चिठ्ठी भैरूची. तो आणि त्याची बायको बायडाबाई कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करत. पेशव्यांच्या पुण्यात दिवस सरदारांच्या आपसातल्या लढाईचे होते. अनोळखी दिसला की हेर. शनिवार पेठेत दोघांना धरलं, झडतीत ही चिठ्ठी निघाली. कुणा गोऱ्या कप्तानाने खेळावर खूश होऊन दिलेली. 'हे नवराबायको घाटाखालून इथवर' आणि पुढे तो शब्द, स्ट्रोल. संशय फिटला नाही तर दोघांची रवानगी गडावर, कैदेत.

मैनुद्दीन मुंबईत राहून इंग्रजी शिकला होता. दहा वर्षांत पंतांपुढे 'येत नाही' असं त्याने कधी म्हटलं नव्हतं. अडलं की अंदाजाने ठोकून द्यायचं. आताही 'हिंडतात' असं लिहिता आलं असतं. पण हिंडतात तर हेरसुद्धा. कोपऱ्यात बायडाबाई बाहुल्यांच्या पेटीला टेकून बसली होती. तिच्याकडे पाहून त्याला स्वतःची लाज वाटली.

"पंत, हा शब्द मला येत नाही. संगमावर इंग्रज साहेबाच्या कचेरीत विचारून येतो."

"अस्सं. म्हणजे इतकी वर्षं आम्ही काय ऐकत होतो?"

भर उन्हात तो संगमावर गेला आणि घामाघूम होऊन परतला. आल्या आल्या त्याने लिहून दिलं: 'खेळाला स्वतःची जागा नसलेले खेळकरी गावोगाव फिरून मिळेल त्या आडोशाला खेळ करतात, त्याला हा शब्द.'

पंतांनी ते मनात वाचलं आणि कागद पालथा घातला. "काय रे, खेळ कुठं करता?"

"खळ्यात, सरकार," भैरू म्हणाला. "पाऊस आला तर कुनाच्या बी गोठ्यात. दुसऱ्या दिशी फुडलं गाव."

कागदावरचंच उत्तर ऐकून पंतांनी मैनुद्दीनकडे पाहिलं. "सोडा यांना. आणि मुन्शीजी, पाणी प्या."

मैनुद्दीनच्या छातीवरची धोंड उतरली. 'येत नाही' म्हटल्याने काही आभाळ कोसळलं नव्हतं.

पायरीपाशी बायडाबाई थांबली. "मुन्शीजी, त्यो सबूद वंगाळ न्हाई न्हवं? आमास्नी समदी भटकीच म्हंत्यात."

"नाही बाई. तुमच्या कामाचाच आहे."

"मग येकदा म्हना की."

त्याने म्हटला. तिने तो दोनदा हळूच म्हणून पाहिला, मग पेटी डोक्यावर घेतली आणि भैरूलाही म्हणायला लावला.