सात मिनिटांची हवा

भोकर मागे पडून दीड तास झाला होता आणि तेवढ्या वेळात मी कुणाशीही बोलले नव्हते. ग्लायडरला इंजिन नसतं. ऐकू येतो तो पंखांवरून सरकणाऱ्या हवेचा आवाज, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. जमीन तापली की तिच्यावरची हवा वर उठते. त्या हवेला आम्ही थर्मल म्हणतो. त्यात गोल फिरत उंची कमवायची आणि ती उंची खर्चत पुढं जायचं. खाली मार्चमधली रानं हळूहळू मागे जात होती आणि माझी सावली एका बांधावरून दुसऱ्या बांधावर न अडखळता जात होती.

लातूरच्या माळावरून निघून भोकर, तिथून देवणी आणि परत लातूर, असा तीनशे सव्वीस किलोमीटरचा त्रिकोण होता. आमच्या छोट्या क्लबमधून मे महिन्यातल्या मोठ्या स्पर्धेला एकच जण जाणार होतं. शेषेराव सरांनी सकाळीच सांगितलं होतं की आज जो जास्त अंतर कापेल तो जाईल, माझ्याकडं रडत यायचं नाही. उरलो होतो दोघंच, मी आणि प्रीतम. तो माझ्यानंतर अर्ध्या तासानं निघाला होता.

देवणीला वळले तेव्हा सहाशे मीटर उंची हातात होती. तेवढ्यात अठरा किलोमीटर जाता येतं आणि लातूर होतं छप्पन्न किलोमीटरवर. एक चांगला थर्मल हवा होता. समोर पिवळट रानांच्या मधोमध दहा-बारा एकरांचा काळाभोर तुकडा दिसला. गडद रंग ऊन जास्त शोषतो. भौतिकशास्त्राची पदवी घेतलेल्या माणसाला यावर दुसऱ्यांदा विचार करावासा वाटत नाही. मी सरळ तिकडं वळले.

चढ-उतार दाखवणारा काटा खाली गेला तो खालीच राहिला. दोनशे मीटरवर आले तेव्हा सऱ्यांमधून ऊन चमकलं. रानाला पाणी दिलेलं होतं. भिजलेलं रान काळं दिसतं आणि गार असतं, हे आमच्या शेतकरी घरात सहा वर्षांच्या पोरालाही कळतं. पण वरून मी रान पाहतच नव्हते, रंग पाहत होते.

शेजारी हरभरा काढून मोकळं झालेलं शेत होतं. तिथं उतरले. सरांना फोन करून जागा कळवली. ट्रेलर घेऊन यायला दीड तास लागेल म्हणाले.

पलीकडे मळणी यंत्र चालू होतं. तिथून डोक्याला रुमाल बांधलेल्या एक बाई चालत आल्या. नाव सुभद्राबाई, शेत त्यांचंच. त्यांनी आधी मला पाणी दिलं, मग पंखावर हात फिरवला आणि तेल संपलं का म्हणून विचारलं. इंजिनच नाही, हे उन्हावर उडतं, असं मी सांगितलं.

"उन्हावर तर आम्ही बी हाव की," त्या म्हणाल्या. "जलम गेला, वीतभर उडलो न्हाई."

या आठवड्यात लाईट सकाळची असल्यानं पहाटेपासून पाणी चालू होतं, उसाच्या लागणीसाठी. मग भुशाकडं बोट दाखवून त्या म्हणाल्या, दुपारपासून हे असंच चाललंय, मधूनच वर जातोय आणि खाली यायचं नाव घेत नाही.

मी पाहिलं. यंत्रातून पडणारा भुसा बराच वेळ जमिनीलगत लोळत होता. मग एकदम पिळा घेऊन उठला आणि वर, घारी फिरत होत्या तिथपर्यंत सोनेरी होत गेला. कोरड्या रानावरची तापलेली हवा ओल्या रानाच्या कडेला अडून सुटत असावी. मी घड्याळ लावलं. पुढचा पिळा सात मिनिटांनी उठला. त्याच्या पुढचाही सातच मिनिटांनी.

पुढच्याची वाट पाहत असताना पूर्वेकडून प्रीतमचं ग्लायडर आलं. मी आले होते त्याहूनही खाली होतं. नाक थेट काळ्या रानाकडं. तसाच गेला असता तर माझ्या किलोमीटरभर अलीकडेच त्याला टेकावं लागलं असतं. मला फक्त गप्प बसायचं होतं.

मी कॉकपिटमध्ये वाकून रेडिओ उचलला.

"प्रीतम, काळ्या रानावर जाऊ नको, ओलं हाय. डावीकडं मळणी दिसून राहिली ना? तिच्यावर ये. मिनिटभरात हवा उठंल."

"तू कुठं हायस?"

"खाली. उतरले."

"मग मला कामून सांगून राहिलीस?"

"माझा अंदाज बरोबर हाय का, ते बघायचंय."

तो खोटं समजून तसाच पुढं जाईल असं वाटलं. मग डावा पंख हळूच खाली झुकला. तो मळणीवर आला, एक फेरी झाली आणि काहीच झालं नाही. दुसऱ्या फेरीत भुसा जमिनीवरून सुटला. ग्लायडर कुणी तळहातावर घेतल्यासारखं उचललं गेलं.

"दोन," तो रेडिओवर म्हणाला. दर सेकंदाला दोन मीटर. थोड्या वेळानं, "अडीच." मग, "तीनच्या वर हाय गं," आणि पुढं बोलायचं विसरला.

सुभद्राबाई कपाळावर हात धरून बघत होत्या. तो घारींच्या वर गेला, पंखांची नुसती रेघ उरली आणि ती रेघ लातूरकडं सरकू लागली. मी सात मिनिटं अठरा सेकंद लिहून घेतले. अंदाज बरोबर होता. डोळे मिटले तरी मी त्याच्याबरोबर फिरतच होते, डावीकडं, वर, आणखी वर.

ती रेघ दिसेनाशी झाल्यावर मग लक्षात आलं की मे महिन्यात मी इथंच असेन.