खांदा आणि दस्ता यांच्यामधली मी

मी बोलतेय, रायफलच्या दस्त्यावर मोज्यासारखी चढवायची रबराची गादी. गोळी सुटली की रायफल मागे धडकते. तो धक्का मी पोटात घेते आणि खांद्यापर्यंत थोडाच जाऊ देते. काम साधं आहे, पण करू देतील तर ना!

साच्यातून निघाले तेव्हा मी काळीकुळकुळीत होते, अंगाला उग्र वास. दुकानात बरेच दिवस खुंटीला लटकले. मग एक फिजिओथेरपिस्ट सून मला आपल्या सासूबाईंसाठी घेऊन आली. सासूबाई जुन्या नेमबाज, उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आणखी एक जोराचा धक्का बसला, तर रायफल कायमची ठेवून द्यावी लागेल."

पहिल्याच दिवशी बाईंनी मला नावं ठेवली. "म्हातारीला उशी आणलीस होय गं?" त्यात नेमही चुकला आणि खापर माझ्याच माथी फुटलं. खरं म्हणजे माझ्या जाडीमुळे रायफल बोटभर लांब झाली होती. डोळा रायफलवरच्या दुर्बिणीपासून दूर पडायचा आणि आत अर्धं काळंच दिसायचं. दुर्बीण बोटभर मागे सरकवली असती, तर मिटलं असतं!

पण तिच्या स्क्रूंना हात लावायची बंदी होती. "ह्यांनी बसवलीय ती. ह्यांच्या हातची आहे." सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांनी आवळलेले स्क्रू बाई कुणाला सैल करू देत नव्हत्या. त्यापेक्षा मलाच काढणं सोपं. सुनेसमोर मला चढवायचं आणि रेंजवर पोचलं की ओढून पिशवीत कोंबायचं. बाहेर बार उडायचे आणि मी आत पाण्याच्या बाटलीशेजारी चरफडत पडायचे. खांदा निळा पडला की बाई सुनेला सांगायच्या, "दाराला आपटले गं."

आणि एक दिवस पिशवीतूनच मी त्यांची किंकाळी ऐकली.

आता बाईंचा उजवा हात झोळीत आहे. डॉक्टरांनी रायफल बंद म्हणून सांगितलंय. सून चिडलीसुद्धा नाही, याचाच मला राग आला. ती बाईंजवळ बसून एवढंच म्हणाली, "आई, बाबांनी ती दुर्बीण कुणाच्या डोळ्यासाठी बसवली होती?"

बाईंनी रायफल जवळ मागवून घेतली. मग डाव्या हातानं त्यांनी स्वतःच स्क्रू सैल केले. दुर्बीण मागे सरकली. सुनेनं मला दस्त्यावर चढवलं आणि रिकामी रायफल त्यांच्या दुखऱ्या खांद्यासमोर, न टेकवता, तोलून धरली. बाईंनी मान झुकवून डोळा लावला.

"दिसतंय गं. पुरतं दिसतंय," त्या म्हणाल्या आणि रडायलाच लागल्या. "एवढंच करायचं होतं?"

हो बाई, एवढंच! घसा फोडून मी हेच सांगत होते.

आता कपाटात मी दस्त्यावर घट्ट बसलेय. मला कुणी काढत नाही, कारण रायफललाच कुणी हात लावत नाही. तुमच्यापैकी कुणी दुखरा खांदा घेऊन रेंजवर निघालं असेल, तर मला मागून न्या. लाजू नका. पहिल्या दिवसाचे चार-दोन बार सोडले, तर मी अजून कोरीच आहे.