दात बघून घेतलेला लॅपटॉप

मित्रांनो, लॅपटॉपांच्या आयुष्याच्या मानाने मी चांगला वयस्क गडी आहे. माझ्या झाकणावर एक लांब ओरखडा आहे, एका कळेवरचं अक्षर बोटांनी कधीच पुसून नेलं आहे, आणि सुरू होताना मी घसा खाकरल्यासारखा आवाज करतो. तरी माझी काही तक्रार नाही. तुझ्या आयुष्यात सांगण्यासारखं काय घडलं, असं मला कोणी विचारलंच, तर मी कोंडाजीकाका आणि त्यांच्या सुरभीची हकीकत सांगतो. आज तुम्हालाही तीच सांगणार आहे.

माझी पहिली चार वर्षं ठाण्याच्या एका मोठ्या कचेरीत गेली. तिथे पुलांचे आणि रस्त्यांचे आराखडे काढायचं काम चाले, म्हणून माझ्यासारखे दणकट लॅपटॉप तिथे मुद्दाम आणले होते. आराखडा कितीही मोठा असो, मी तो चटकन उघडायचो. साहेब आल्यागेल्याला सांगायचे, "हा गडी कधी अडत नाही." मग एका सोमवारी नवे लॅपटॉप आले आणि आम्हा जुन्यांना कपाटात रचून ठेवलं. त्या कपाटात मी आठ महिने काढले. आमच्यावर कोणी रागावलं नव्हतं, आमच्यातलं काही मोडलंही नव्हतं. फक्त कोणाला आमची आठवण होत नव्हती. ते दिवस मला फारसे सांगावेसे वाटत नाहीत.

कपाट उघडलं ते सुप्रियाताईंसाठी. कर्जतजवळ दहिवलीला त्यांचं लॅपटॉप आणि मोबाईल दुरुस्तीचं छोटंसं दुकान आहे. त्या आमच्यातले सहाजण निवडून घेऊन आल्या. त्यांनी माझ्या पोटातली धूळ काढली, कचेरीचं सगळं लिखाण पुसून मला कोरं केलं आणि फळीवर मांडून वर चिठ्ठी चिकटवली : "जुना. काम चोख. बॅटरी दमलेली." बॅटरीचं त्यांनी लपवलं असतं तरी कोणाला कळलं नसतं. पण त्या लपवत नसत, आणि म्हणूनच की काय, त्यांच्या दुकानात माणसं बराच वेळ रेंगाळत.

एका मंगळवारी दुकानात बाप-लेक आले. मुलगी सुरभी, इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. वडील कोंडाजी. खालापूरच्या वाटेवर त्यांचं गाव, घरची थोडी भातशेती, आणि सकाळच्या वेळी एका फार्महाऊसवर माळीकाम. सुरभी सरळ माझ्यापाशी आली. कोंडाजीकाका मात्र दारातच उभे राहिले.

सुरभीने पेनड्राईव्ह लावला आणि कॉलेजचा एक भलामोठा आराखडा उघडायला सांगितला. किती दिवसांनी मला माझ्या आवडीचं काम मिळालं होतं. मी तो लगेच उघडून दाखवला.

"बाबा, बघा तरी," सुरभी म्हणाली. "त्या मोठ्या दुकानात आपल्याला परवडणारा नवा होता ना, त्याच्यावर हे उघडेपर्यंत तिथल्या माणसाचा चहा पिऊन झाला."

"ताई, ह्यो कुनीतरी वापरलेला हाय ना?" काकांनी दारातूनच विचारलं.

"हो काका. चार वर्षं."

"मग नको. चांगल्यातला नवाच घेऊ. कसा घ्यायचा ते मी बघतो."

सुरभीचा चेहरा उतरला. सुप्रियाताईंनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "काका, असं करा. हा चार दिवस घरी न्या. नाही पटला तर शनिवारी परत आणून द्या. पटला तर मी नवी बॅटरी बसवून देईन."

काका हो म्हणाले नाहीत, पण नाहीही म्हणाले नाहीत. सुरभीने तेवढ्यात मला पिशवीत घातलं.

त्यांचं घर मला पाहताक्षणी आवडलं. ओटीवर शिलाई मशीन, मागे गोठा, गोठ्यात कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी नावाची म्हैस. सुरभीची आई आनंदीबाई यांनी माझ्यासाठी लाकडी स्टूल पुसून ठेवलं. संध्याकाळी सुरभी कामाला बसली. माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी एक ठाकूरवाडी आहे. तिथल्या लोकांना पावसाळ्यात ओढा ओलांडता येत नाही, म्हणून त्यावर लहानसा पूल, म्हणजे साकव, कसा बांधता येईल याचा आराखडा तिला कॉलेजसाठी करायचा होता. ती तासभर मन लावून रेघा ओढत होती. आणि लाईट गेली. त्याबरोबर माझी बॅटरीही बसली. तिचं तासाभराचं काम वाहून गेलं. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं म्हणून सांगू.

काका ओटीवरच बसले होते. "बघ," ते म्हणाले. "दुसऱ्याचं उतरलेलं ते उतरलेलंच."

सुरभीने माझं झाकण मिटलं. ती उठून आईजवळ चुलीपाशी गेली. मी स्टुलावरून सगळं ऐकत होतो.

"आई, बाबा एवढे हट्टाला का पेटलेत? नव्याला पैसे कुठून आणणार?"

आनंदीबाईंनी आवाज खाली केला. "चांदीला इकनार हायेत. रविवारी व्यापारी यायचाय."

"चांदीला? ती दोन महिन्यांत विणार आहे."

"म्हनून तर भाव चांगला येतोय, म्हनत हुते. मी बोलून दमले गं. माझ्यापुढं नुसती मान हालवतात नि आपलं तेच करतात."

सुरभीने चुलीत एक लाकूड सरकवलं. मग म्हणाली, "मला कशापायी जुना हवाय असं वाटलं तुला? ते काहीतरी विकणार हे मला माहीत होतं. काय ते माहीत नव्हतं."

पुढचे तीन दिवस तिने माझी वायर भिंतीला लावूनच काम केलं, आणि दर पाच मिनिटांनी ते जपून ठेवलं. काका येता-जाता बघत, पण जवळ येत नसत.

शनिवारी सुरभी कॉलेजला गेली आणि काकांनी मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं. मोटारसायकल दहिवलीच्या रस्त्याला लागली तेव्हाच मी ओळखलं की आपण परत चाललो. सुप्रियाताईंनी मला काकांच्या हातातून घेतलं. एक शब्दही वाद घातला नाही. फक्त स्टूल पुढे सरकवलं.

"काका, राग नसेल तर एक विचारू? जुन्याचं एवढं वावडं कशाला?"

काका बसले. टॉवेलाची घडी केली, मोडली, परत केली.

"आमी चार भाव. मी धाकटा," ते म्हणाले. "चौथीचं पुस्तक माज्याकडं आलं ते तिघांच्या हातनं. त्यात गाळलेल्या जागा आधीच भरलेल्या. मास्तर समद्यांसमोर म्हनायचे, कोंडाजी, तू काय शिकलास, तुजं तर भावांनीच लिवलंय. पोरं हसायची. तवाच मनाशी ठरवलं हुतं, माज्या लेकराच्या हातात कुनाचं उतरलेलं देनार नाय. सुरभीला पयलीपासनं कोरी पुस्तकं घेतली, ताई. एक बी जुनं नाय. आन आता येवढी मोठी झाली, तर आता देऊ का?"

सुप्रियाताईंनी माझं झाकण उघडलं. मग त्यांनी मला सुरू केलं आणि माझं तोंड काकांकडे वळवलं.

"तुमच्या पुस्तकात भावांची उत्तरं होती. ह्याच्यात आधीच्यांचं एक अक्षर राहिलेलं नाही, मी स्वतः पुसलंय. आता ह्याच्यात एकच गोष्ट आहे. ही बघा."

मी सुरभीचा आराखडा उघडला. ओढा, दोन्ही काठ, आणि मधे बारीक रेघांनी उभा केलेला साकव. चार दिवस काकांनी तो लांबूनच पाहिला होता. आता ते इतके पुढे वाकले की त्यांचा श्वास माझ्या पडद्यावर उमटला.

"ह्यो साकव हाय? सुरभीनं काढला?"

"तिनेच. सगळाच्या सगळा."

काकांनी पडद्याला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं, जणू रेघ पुसली जाईल. मग हळूच हसले.

"बैल असता तर मी दात बघून घेतला असता. ह्याचं मला काय कळतंय?"

"मग बघा की दात," ताई म्हणाल्या आणि त्यांनी स्क्रू काढायचा पेचकस हातात घेतला.

मित्रांनो, त्या दिवशी माझी जी तपासणी झाली तशी माझ्या जन्मदात्या कारखान्यानेही केली नसेल. काकांनी एकेक कळ दाबून पाहिली. "एक दात घासलाय," ते म्हणाले. झाकण दहा वेळा उघडलं आणि मिटलं, कारण बिजागरी म्हणजे माझा गुडघा, आणि गुडघ्यात खोट असली तर बैल नांगराला बसतो. ताईंनी मागचा पत्रा उघडला तेव्हा त्यांनी पंख्यात डोकावून विचारलं, "हितनं दम घेतो काय?" ताई म्हणाल्या, "हो. धूळ साचली की दम लागतो." काकांनी मऊ कुंचला मागावा तसा हात पुढे केला. ताईंनी ब्रश दिला, आणि काकांनी स्वतःच्या हाताने माझा पंखा साफ केला. पडदा पांढरा करून त्यात कुठे डाग आहे का तेही पाहिलं. ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ह्यो कातड्यावरचा हाय. आत गेलेला नाय."

शेवटी ते सरळ होऊन बसले. "बाजारात शिंगं रंगवून, झूल घालून आनलेल्या बैलाला मी कवा भुललो नाय. हितं मातर भुलत हुतो. बसवा ती नवी बॅटरी."

दुपारी आम्ही घरी पोचलो तेव्हा सुरभी अंगणात वाट पाहत उभी होती. स्टूल रिकामं दिसल्यावर तिला काय ते कळलं होतं.

"बाबा, मला नवा नको नि जुना पण नको," तिने एका दमात सांगितलं. "कॉलेजच्या कॉम्प्युटरवर करेन मी. रोज संध्याकाळपर्यंत थांबेन. पण चांदीला विकू नका."

काकांनी पिशवीतून मला काढून तिच्या हातात दिलं. "नवी बॅटरी घातलीय त्यात. लाईट गेली तरी आता बसनार नाय. आन व्यापाऱ्याला फोन केलाय, येऊ नको म्हनून."

"पण तुम्ही तर नाही म्हणत होता. काय झालं?"

"दात बघितले," काका म्हणाले आणि हात-पाय धुवायला मागे गेले. सुरभीला काही उलगडलं नाही. ती मला छातीशी धरून तशीच उभी राहिली. पुस्तकांची गोष्ट त्यांनी तिला पुढे कधीतरी सांगितली, पण त्या दिवशी नाही.

त्यानंतरची वर्षं माझ्या सुखाची. सुरभी मला थेट ठाकूरवाडीत घेऊन गेली. तिथे मंगळी नावाच्या बाई ओढ्याकाठी मोळी बांधत होत्या. सुरभीने त्यांना पडद्यावर साकव दाखवला. मंगळीबाईंनी तो निरखून पाहिला आणि काठावरच्या अर्जुनाच्या झाडाकडे हात केला.

"पोरी, तू पानी हितपोत दाखवलंस. सरावनात ते त्या झाडाच्या पयल्या फांदीला लागतं. तुजा साकव बुडल."

सुरभीने जमिनीपासून त्या फांदीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं, तिथेच दगडावर बसली आणि सगळा साकव उंच करून घेतला. दोन तास मी उन्हात काम केलं. बॅटरी बसली नाही. कॉलेजात त्या आराखड्याचं कौतुक झालं. तिच्या सरांनी तो ग्रामपंचायतीला दिला, आणि बऱ्याच खेपा घातल्यावर दीड वर्षाने साकव उभा राहिला. मी तो पाहिलेला नाही, पण सुरभीने त्याचा फोटो माझ्या पडद्यावर लावला आहे. त्यात मंगळीबाई डोक्यावर मोळी घेऊन पलीकडे चालल्या आहेत.

आता सुरभी खोपोलीला नोकरी करते. तिथे तिला नवाकोरा लॅपटॉप मिळाला. ती बातमी ऐकली तेव्हा खरं सांगतो, माझ्या मनात धस्स झालं. पण या घरात मला कोणी बाजूला ठेवलं नाही. आनंदीबाई माझ्यावर ब्लाऊजच्या कटिंगचे व्हिडिओ बघतात, न समजलेला भाग चारचारदा मागे घेतात, आणि मध्येच मला "थांब रं जरा" म्हणतात. काका मला कोणालाही गादीवर ठेवू देत नाहीत, कारण गादीवर माझा दम कोंडतो. चांदीची रेडी आता मोठी झाली आहे आणि तिचं रेकणं मला रोज ऐकू येतं.

मित्रांनो, तुम्ही कधी लॅपटॉप घ्यायला गेलात तर जुन्याला नाक मुरडू नका, आणि जुना स्वस्त आहे म्हणून डोळे मिटून घेऊही नका. त्याने आजवर काय काम केलं ते विचारा, त्याला उघडून बघा, आणि दोष स्वतःहून सांगणारा दुकानदार भेटला तर त्याचं दुकान लक्षात ठेवा. नवाच घेतलात तरी माझी काही हरकत नाही. जुना की नवा हा प्रश्न दुकानात एकदाच पडतो. नीट वापरायचा की नाही, हा प्रश्न मात्र रोज पडतो, आणि आमचं आयुष्य त्याच्या उत्तरावर अवलंबून असतं. तेव्हा आज तुमच्या घरात जे कुठलं यंत्र असेल, त्याच्यावरची धूळ एकदा हलक्या हाताने पुसा. फडकं कोरडं असू द्या, एवढंच.