भिंत पडल्यावर

प्राणिशास्त्र आणि तत्त्वज्ञान या दोन विभागांमधली भिंत दुपारपर्यंत निम्मी पडली होती. प्राणिशास्त्राच्या बाई नाकाला रुमाल लावून नमुन्यांच्या बरण्यांवरची धूळ पुसत होत्या. विद्यापीठाने सगळे विभाग मोडून तीन संकुलं केली होती: जीवन, मूल्य आणि यंत्र. 'ज्ञानाला सीमा नसतात' अशी पाटी दारोदार लागली होती.

खरं तर बाईंना याचा आनंद व्हायला हवा होता. त्या आणि पलीकडचे तत्त्वज्ञानाचे सर कित्येक वर्षं कुणी न सांगता हेच करत आले होते. शनिवारी सकाळी दोघं मिळून 'वेदना' हा एकच विषय शिकवत. बाई खेकड्याचे मज्जातंतू उलगडून दाखवायच्या आणि सर विचारायचे, याला दुखतं की नाही हे ठरवायचं कुणी? मग मुलांची अशी जुंपायची की कुणाला जेवणाची शुद्ध राहत नसे. एकदा एक मुलगी रडत उठून गेली आणि पुढच्या शनिवारी सरांना खोडून काढायला तयारीनिशी परत आली. आपण उभ्या आयुष्यात खरं शिकवलं ते एवढंच, असं बाईंना वाटे.

आता सर तिन्ही संकुलांचे संचालक झाले होते आणि नव्या वेळापत्रकात तो वर्ग नव्हता.

बाई तडक त्यांच्या खोलीत गेल्या. सरांनी शांतपणे समजावलं. बाई जीवन संकुलात, ते स्वतः मूल्य संकुलात. दोन संकुलांनी मिळून वर्ग घ्यायचा तर समितीची मान्यता हवी, आणि समिती अजून नेमलेलीच नाही.

"भिंत होती तेव्हा कुणाला विचारावं लागलं नाही," बाई म्हणाल्या. "समिती नेमणार कोण?"

"मीच." सर टेबलाकडे बघत होते. "पण इतक्यात नको. आपलाच वर्ग पहिला घेतला तर लोक नावं ठेवतील. तुम्ही जरा समजून घ्या."

तुम्ही! इतक्या वर्षांचं 'अगं-तुगं' खुर्चीत बसताच विरलं होतं.

पुढच्या आठवड्यात संकुलांचं माहितीपुस्तक निघालं. मुखपृष्ठावर त्यांच्याच वर्गाचा फोटो होता: खेकड्यावर वाकलेल्या बाई, शेजारी हात उंचावलेले सर, भोवती मुलं. सहकाऱ्यांनी अभिनंदन केलं. "फुकटात नाव होतंय, होऊ दे की," नवरा म्हणाला. कुणाचं उष्टं ताट पुढ्यात यावं तसं बाईंनी ते पुस्तक दोन बोटांनी उचललं आणि रद्दीत टाकलं. सरांनी निरोप धाडला, उद्घाटनाला दोन शब्द बोला. बाईंनी नाही म्हणून कळवलं.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांना घेऊन सर प्रयोगशाळेत आले. बाई विच्छेदनाचे ट्रे घासत होत्या.

"या आमच्या सीमा ओलांडणाऱ्या प्राध्यापिका," सर म्हणाले.

पाहुण्यांनी आपुलकीने विचारलं, "काय शिकवता आपण?"

सर बाईंकडे बघत होते. त्या नजरेत आर्जव होतं आणि बाईंना त्याचीच जास्त किळस आली.

"प्राणिशास्त्र," बाई म्हणाल्या. "फक्त प्राणिशास्त्र."

सरांचा चेहरा उतरला. क्षणभर वाटलं, ते काहीतरी विचारतील. पण पाहुणे पुढे निघाले, तसे तेही मागोमाग गेले. बाईंनी नळ सोडला आणि दुसरा ट्रे हातात घेतला.